मेज घ्यावा की वॉरलॉक?

इंजिनिअरिंगला ब्रांच निवडताना निदान कटऑफची यादी तरी हातात असते. काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे ती यादीच सांगून टाकते, आपल्या डोक्याला फार ताप नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या गेममध्ये मात्र सुरुवातीलाच नऊ क्लास समोर येतात. सगळे आकर्षक, सगळ्यांना ॲडमिशन खुली! त्यातही ज्याला जादूगारच व्हायचंय त्याची पंचाईत जास्त. मेज, वॉरलॉक आणि प्रीस्ट असे तीन मंत्रवाले पर्याय, आणि लांबून पाहिलं तर तिघेही सारखेच. अंगात झगा, हातात काठी, आणि बोटांतून निघणारा प्रकाश.

दर वर्षी हॉस्टेलवर कुणीतरी ज्युनिअर हा प्रश्न घेऊन येतोच, आणि त्याला उत्तर मिळतं, "मेज घे रे, डॅमेज जास्त आहे." दुसरा म्हणतो, "वॉरलॉक घे, मरत नाही." दोन्ही उत्तरं थोडी थोडी बरोबर आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी

ज्यांनी हा गेम कधी पाहिलाच नाही (विशेषतः आमचे सर आणि मॅडम!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्लिझार्ड कंपनीचा हा ऑनलाइन गेम नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. हजारो लोक एकाच वेळी एकाच जगात खेळतात. पुढे गेम इतका बदलला की जुन्या खेळाडूंना जुना गेम परत हवा झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने 'क्लासिक' या नावाने साधारण २००६ मधला गेम पुन्हा सुरू केला. खाली जे लिहिलंय ते या २०१९ च्या क्लासिकचे नियम धरून. नव्या मूळ गेममध्ये आता तेरा क्लास आहेत आणि नियमही बरेच वेगळे आहेत.

क्लासिकमध्ये तुम्ही पहिल्या लेव्हलपासून साठाव्या लेव्हलपर्यंत चढता. नवख्या माणसाचे यात दीडशे ते अडीचशे तास सहज जातात. रोज दोन तास खेळलात (आणि जर्नल वेळेवर लिहिलंत) तरी अख्खं एक सेमिस्टर झालं! लेव्हल दहापासून दर लेव्हलला एक टॅलेंट पॉइंट मिळतो, एकूण ५१. हे पॉइंट चुकले तर गेममधलं सोनं भरून परत वाटता येतात. पहिल्यांदा १ गोल्ड, मग ५, मग १० असं वाढत जास्तीत जास्त ५० गोल्डपर्यंत. पण क्लास? तो बदलता येत नाही. कितीही सोनं दिलं तरी नाही. पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरुवात. म्हणून हा निर्णय दोन मिनिटांत घेण्यासारखा नाही.

तिघांत सारखं काय?

पाच जणांच्या ग्रुपमध्ये तीन प्रकारची कामं असतात. एक जण मार खातो (टँक), एक जण जखमा भरतो (हीलर) आणि उरलेले तिघे मारतात. मेज आणि वॉरलॉक हे दोघेही या मारणाऱ्यांत येतात. दोघेही फक्त कापडी चिलखत घालू शकतात, म्हणजे राक्षस अंगावर आला की पापडासारखे मोडतात. दोघेही लांबून मंत्र टाकतात, आणि मंत्राला 'मॅना' लागतो. मॅना म्हणजे जादूचं पेट्रोल समजा.

आता इतकं सगळं सारखं असल्यावर लोक साहजिकच एकच प्रश्न विचारतात, डॅमेज कुणाचं जास्त? मला वाटतं इथेच गाडी चुकते. डॅमेजचे आकडे लेव्हलप्रमाणे, सामानाप्रमाणे बदलत राहतात. कधी हा पुढे, कधी तो. न बदलणाऱ्या गोष्टी तीन आहेत: डॅमेज कोणत्या रीतीने होतं, मॅना संपला की काय करायचं, आणि डाव फसला की काय करायचं. चला, एकेक बघू.

मेज : रोखीचा व्यवहार

(मेज म्हणजे टेबल नव्हे, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवावं.) मेजकडे बर्फ, आग आणि आर्केन अशा तीन शाखा आहेत. त्याचा नेहमीचा मंत्र 'फ्रॉस्टबोल्ट'. दोन-तीन सेकंद उभं राहून मंत्र म्हणायचा, बर्फाचा गोळा सुटतो, लागला की डॅमेज झालं. काम खलास. वर शत्रूचा चालण्याचा वेगही कमी होतो. म्हणजे मेजचं डॅमेज रोख आहे. पैसे दिले, माल घेतला.

मॅना संपला की मेज खाली बसतो आणि पाणी पितो. हे पाणी तो स्वतःच जादूने तयार करतो, खाणंही. अर्ध्या मिनिटात गडी परत तयार. शिवाय लेव्हल २० ला 'इव्होकेशन' मिळतं. आठ सेकंद शांत उभं राहायचं, मॅना भराभर वाढतो, पण हे आठ मिनिटांतून एकदाच. थोडक्यात, मेजची लय अशी: मारा, प्या, मारा, प्या. काहींना याचा कंटाळा येतो.

डाव फसला तर? इथे मेजला तोड नाही. 'फ्रॉस्ट नोव्हा'ने आसपासचे सगळे राक्षस जागीच गोठतात. 'ब्लिंक'ने क्षणात वीस यार्ड पुढे उडी मारता येते. 'पॉलिमॉर्फ'ने एका शत्रूची चक्क मेंढी होते (माणसं आणि जनावरं यांच्यावरच चालतं, भुतंखेतं नाही). आणि बर्फाच्या शाखेत पुरेसे पॉइंट घातले तर 'आइस ब्लॉक' मिळतं, म्हणजे दहा सेकंद स्वतःभोवती बर्फाची लादी. कुणी काही करू शकत नाही. पण लक्षात घ्या, यातलं प्रत्येक हत्यार तुम्हाला योग्य क्षणी स्वतः दाबावं लागतं. मेज वाचतो तो बोटांच्या चपळाईने.

वॉरलॉक : हप्त्यांचा व्यवहार

वॉरलॉक एकदम मारत नाही. तो शत्रूला रोग लावतो. 'करप्शन' (नाव वाचून हसू नका) या मंत्राचं डॅमेज १८ सेकंदांत दर तीन सेकंदांनी एक, असं सहा हप्त्यांत होतं. 'कर्स ऑफ ॲगनी' २४ सेकंद चालतो आणि त्याचे हप्ते सुरुवातीला लहान, शेवटी मोठे. असल्या मंत्रांना खेळाडू 'डॉट' म्हणतात.

आता इथे थोडं गणित करू, कारण निर्णयाचा मोठा भाग यात आहे. समजा करप्शन लावलं आणि शत्रू सहाव्या सेकंदालाच मेला. सहापैकी दोनच हप्ते वसूल झाले. म्हणजे मॅना पूर्ण गेला आणि काम एक तृतीयांश. पाच जणांच्या ग्रुपमध्ये किरकोळ राक्षस पटापट मरतात, तिथे वॉरलॉकचे डॉट असे वाया जातात. तिथे मेजचा 'ब्लिझार्ड' भाव खाऊन जातो, सगळ्या घोळक्यावर एकदम बर्फाचा पाऊस. पण एकटे खेळताना शत्रू वीस-वीस सेकंद जगतो, तेव्हा डॉट पूर्ण वसूल होतात. शिवाय टॅलेंटचे पाच पॉइंट खर्च केले की करप्शन तत्काळ लागतं, उभं राहायची गरज नाही. मग एकाला लावलं, दुसऱ्याला लावलं, तिसऱ्याला लावलं, आणि तिघेही एकाच वेळी झिजतायत. इंटिग्रेशन शिकलेल्यांना कळेल: मेज उंच आणि अरुंद, वॉरलॉक बुटका आणि रुंद. कर्व्हखालचं क्षेत्रफळ बघा, नुसती उंची बघू नका.

मॅनाचं म्हणाल तर वॉरलॉककडे 'लाइफ टॅप' आहे. स्वतःचं रक्त द्यायचं आणि मॅना घ्यायचा. सगळ्यात वरच्या, म्हणजे सहाव्या रँकला ४२४ हेल्थच्या बदल्यात ४२४ मॅना. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात! मग 'ड्रेन लाइफ'ने शत्रूचं रक्त ओढून पहिला खिसा भरायचा. त्यामुळे वॉरलॉकला बसून पाणी प्यावं लागतं ते फारच कमी. फक्त ग्रुपमध्ये असताना तुम्ही सारखं लाइफ टॅप केलंत तर हीलर वैतागतो, कारण तुमच्या उधारीचे हप्ते तो त्याच्या मॅनातून फेडत असतो. टॅप करायच्या आधी त्याच्या मॅनाकडे एक नजर टाकावी, एवढी साधी माणुसकी पुरते.

वॉरलॉकचा खरा आधार म्हणजे त्याचे पाळलेले राक्षस. सुरुवातीला छोटा 'इम्प'. लेव्हल १० ला 'व्हॉइडवॉकर', हा निळा ढगासारखा प्राणी तुमच्या जागी मार खातो. २० ला 'सक्युबस', ३० ला मंत्र खाणारा 'फेलहंटर'. इम्प सोडून बाकीच्यांना बोलवायला प्रत्येक वेळी एक 'सोल शार्ड' लागतो. तो शत्रू मरता मरता 'ड्रेन सोल' करून गोळा करायचा. आणि हे शार्ड एकावर एक रचता येत नाहीत, प्रत्येकाला थैलीत स्वतंत्र जागा! वॉरलॉकची थैली म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशीची हॉस्टेलची खोली. (मूळ गेममध्ये ही कटकट २०१० मध्ये काढून टाकली, क्लासिकमध्ये ती परत आली.)

डाव फसला तर वॉरलॉककडे पळण्याचं साधन जवळजवळ नाही. ना उडी, ना बर्फ. आहे ते 'फिअर'. शत्रू घाबरून सैरावैरा धावतो. मोकळ्या मैदानात हे उत्तम. पण गुहेत घाबरलेला राक्षस धावत आतल्या खोलीत जातो आणि चार भाऊबंद घेऊन परत येतो. म्हणून डंजनमध्ये कुणी विचारल्याशिवाय फिअर टाकू नये. मात्र मेलात तरी हरकत नाही अशी एक सोय आहे: 'सोलस्टोन' आधीच लावून ठेवला की मेल्या जागी उठता येतं. मेज आयत्या वेळी वाचतो. वॉरलॉक आधी तयारी करून वाचतो. दोघांमधला सगळ्यात मोठा फरक मला विचाराल तर हाच.

हॉस्टेलचं नेट आणि पिंग

आता खास आपल्यासाठी महत्त्वाचा मुद्दा, जो परदेशी गाइडमध्ये सापडत नाही. या गेमचे सर्व्हर भारतात नाहीत. त्यामुळे आपण बटण दाबलं की ते परदेशात पोचून उत्तर परत यायला वेळ लागतो. हॉस्टेलच्या नेटवर हे पिंग २००-३०० मिलिसेकंद असणं काही विशेष नाही, आणि रात्री अकराला सगळी विंग डाउनलोडला बसली की विचारूच नका.

मेजचा 'काउंटरस्पेल' घ्या. शत्रू मंत्र म्हणत असतानाच तो तोडायचा, जमलं तर दहा सेकंद त्याची ती विद्या बंद. पण शत्रूचा मंत्र दीड सेकंदाचा असेल, तुम्हाला तो दिसायलाच उशीर, दाबलेलं पोचायला उशीर, मग हाताशी उरतं काय? तसंच शत्रूला गोठवून, मागे सरकून, परत मारण्याचं. यात अर्ध्या सेकंदाची गडबड झाली की तो अंगावर. वॉरलॉकचं असं नाही. करप्शन अर्धा सेकंद उशिरा लागलं तरी त्याचे सहाच्या सहा हप्ते होणारच. व्हॉइडवॉकर तर तिकडे सर्व्हरवरच लढत असतो, तुमचं नेट अडखळलं तरी तो मार खात उभा. म्हणजे खराब नेटवर वॉरलॉक जास्त सहनशील. एकटे खेळणाऱ्यांनी हे नक्की धरून चालावं.

ग्रुपमध्ये लोक तुम्हाला कशासाठी बोलावतात?

गंमत अशी की ग्रुपमध्ये डॅमेज सगळेच करतात, मागणी असते ती इतर कामांना. मेज म्हणजे गावची पाणपोई. ग्रुपमध्ये शिरल्या शिरल्या "पाणी द्या, पाणी द्या" सुरू होतं, आणि खास करून हीलरचं पाणी कधी संपू देऊ नये. शिवाय मेज म्हणजे एसटी स्टँडही. लेव्हल २० पासून तो स्वतः मोठ्या शहरांत क्षणात जाऊ शकतो आणि ४० पासून सगळ्यांसाठी दार उघडू शकतो. अनोळखी लोक त्याचे पैसेही देतात. एकट्याने घोळका जमवून ब्लिझार्डने मारून सोनं कमावण्यातही मेज पुढे.

वॉरलॉक उलट्या बाजूची गाडी आहे. तो लोकांना घेऊन जात नाही, बोलावून घेतो. लेव्हल २० पासून आणखी दोघांच्या मदतीने तो लांबच्या मित्राला जागेवर ओढून आणतो. चौथा माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला असला की वीस मिनिटांचा प्रवास वाचला. सगळ्यांना हेल्थस्टोन वाटणं आणि हीलरला सोलस्टोन लावणं ही त्याचीच कामं. आणि लेव्हल ४० ला त्याचा घोडा त्याला जवळपास फुकट मिळतो. बाकीच्यांना शिकवणी आणि घोडा मिळून शंभरेक गोल्ड मोजावे लागतात, जे त्या लेव्हलला फार असतात.

साठाव्या लेव्हलला चाळीस जणांच्या 'रेड' असतात. पहिल्या 'मोल्टन कोर'मध्ये बरेच राक्षस आगीचे, त्यांच्यावर आग चालत नाही किंवा कमी चालते. म्हणून मेज मंडळी तिथे बर्फच वापरतात. तिथल्या लुसिफ्रॉनचा शाप लागला की तुमच्या मंत्रांची किंमत दुप्पट होते, तो शाप काढणं हे मेजचं काम (आणि ड्रुइडचं). पुढे 'गार' नावाचा दगडी राक्षस येतो, त्याचे आठ पहारेकरी. त्यांना लढाईतून बाजूला ठेवायला वॉरलॉकचा 'बॅनिश' लागतो. आणि पुढे 'आन किराज'च्या देवळात जुळे सम्राट आहेत. त्यातल्या वेक्लोरवर तलवार चालतच नाही, म्हणून त्याच्यासमोर मार खायला बहुतेक वेळा चक्क वॉरलॉकला उभं करतात. कापडी झग्यातला टँक!

पण एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. २०१९ मध्ये एका शत्रूवर एकूण सोळाच 'डीबफ' राहू शकत. चाळीस जणांत सोळा जागा! त्यामुळे ज्या डॉटच्या प्रेमात पडून पोरं वॉरलॉक घेत, तेच डॉट रेडमध्ये लावायला मनाई. नेमून दिलेला एक शाप लावायचा आणि मग 'शॅडो बोल्ट', परत 'शॅडो बोल्ट'. २०२१ च्या 'सीझन ऑफ मास्टरी'मध्ये ही मर्यादा काढली, त्यामुळे तुम्ही कुठल्या सर्व्हरवर आहात ते आधी बघा. मेजचं तरी काय वेगळं होतं, फ्रॉस्टबोल्ट आणि परत फ्रॉस्टबोल्ट. म्हणजे नुसता रेडचा विचार करून क्लास घेणार असाल तर दोघांतही एकच बटण झिजणार.

तिसरा गडी : शॅडो प्रीस्ट

प्रीस्ट मुळात हीलर. पण त्याने सगळे पॉइंट शॅडो शाखेत घातले तर लेव्हल ४० ला 'शॅडोफॉर्म' मिळतं आणि तो काळा सावळा होऊन मारायला लागतो. याच्याकडे डॉट आहेत आणि त्याच्या डॅमेजमधून ग्रुपला थोडी हेल्थही मिळते. एकटे खेळायला छानच. अडचण एवढीच की तुमच्या नावापुढे प्रीस्ट लिहिलंय हे दिसलं की प्रत्येक ग्रुप "हील करशील का?" असंच विचारतो. रेडमध्ये बहुधा एखाद्याच शॅडो प्रीस्टला जागा, तीही वॉरलॉकचं डॅमेज वाढावं म्हणून. ज्याला हील करायलाही आवडतं त्याने हा बेधडक घ्यावा, कारण हीलरला ग्रुप पटकन मिळतो. ज्याला हील करायचंच नाही त्याने याच्या वाटेला जाऊ नये.

मग ठरवायचं कसं?

स्वतःला एवढंच विचारा. पहिलं, गडबड झाली की तुमचा हात चालतो की डोकं? हात चालत असेल, नेट बरं असेल, तर मेज. गडबड होणार हे आधीच ओळखून तयारी करणारे तुम्ही असाल तर वॉरलॉक. दुसरं, तुम्ही बहुतेक वेळ एकटे खेळणार की मित्रांबरोबर? पाच जणांचा ठरलेला ग्रुप असेल तर मेजचं पाणी आणि ब्लिझार्ड रोज उपयोगी पडेल. सबमिशनमधून वेळ काढून अवेळी एकट्यानेच खेळणार असाल तर व्हॉइडवॉकरसारखा रूम पार्टनर नाही. तिसरं, कुठलं किरकोळ काम रोज करायला तुमची हरकत नाही? पाणी वाटणं की शार्ड गोळा करणं? हा प्रश्न फालतू वाटेल, पण दीडशे तासांत मोठ्या लढाया थोड्या आणि ही किरकोळ कामंच जास्त असतात.

तरीही ठरत नसेल तर दोन्ही सुरू करा आणि दोन्ही लेव्हल २० पर्यंत न्या. वीसच का? कारण मेजला ब्लिंक, ब्लिझार्ड, इव्होकेशन आणि शहरात उडी मारण्याची विद्या हे सगळं २० लाच मिळतं. वॉरलॉकला सक्युबस आणि मित्राला बोलावून घेण्याची विद्या २० लाच. शॅडो प्रीस्टचा मुख्य मंत्र 'माइंड फ्ले'सुद्धा अकरावा टॅलेंट पॉइंट घालून २० लाच. त्याच्या आधी तिघेही खरंच एकसारखे वाटतात, आणि लोक नेमके दहाव्या-बाराव्या लेव्हललाच मत बनवून मोकळे होतात. खालच्या लेव्हल भराभर होतात, साठपर्यंतच्या वेळाच्या मानाने हा खर्च अगदीच किरकोळ. मग ज्या कॅरेक्टरवर लॉग इन करायला हात आपोआप जातो तो पुढे न्या.

आणि एक विनंती. हे सगळं पीएलमध्ये सुरू करू नका. साठावी लेव्हल कुठे पळून जात नाही, केटी मात्र लागली की पुढच्या सेमिस्टरभर डॉटसारखी हप्त्याहप्त्याने त्रास देते, आणि तिच्यावर मेजचा मंत्रही चालत नाही!